मास्तरांनी काढून टाकलेला फॉन्ट

"कुंभोजकर बाई आहेत का?"

"बोलतेय."

"मी मिरजेहून तहसीन. मुजावर मास्तरांची सून."

मंगळवार होता. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी स्वयंपाकघरात मटकी निवडत बसले होते. फोन खांद्याने कानाशी धरून मी निवडतच राहिले.

"मास्तर काल गेले. सकाळी चहा घेतला, पेपर वाचून दाखव म्हणाले. मी पेपर घेऊन येईपर्यंत…"

"त्रास झाला?"

"काहीच नाही. कपसुद्धा सांडला नव्हता."

"बरं झालं कळवलंत," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला संकोच वाटतो. हायसं वाटलं. शेवटची दोन वर्षं मास्तरांना नीट दिसत नव्हतं. अंथरुणाला खिळण्याची त्यांना फार भीती होती. ते टळलं. बाकीचं जे वाटायचं ते नंतर वाटलं.

मटकी निवडून झाली. भिजत घातली.

मास्तरांच्या गोष्टी मिरजेत पुष्कळ सांगतात. त्यातल्या किती घडलेल्या आहेत मला माहीत नाही. ही एक माझ्यासमोर घडली.

इस्माईल मुजावर तार ऑफिसातून निवृत्त झालेले. तिथले तारमास्तर, म्हणून मास्तर. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही. दर्ग्यामागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराची त्यांची खोली होती. खोलीत एक टेलिफोन, फोनच्या लाइनवरून इंटरनेट आणणारा एक मोडेम आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल घातलेला.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मिरज-सांगलीत ज्यांच्या घरी नवा कॉम्प्युटर येई आणि इंटरनेट लागत नसे, ते मास्तरांकडे जात. मास्तर शिकवत नसत. बसवून घेत, आणि प्रश्न विचारत.

येईल त्याला ते एक कागद देत. दोन्ही बाजूंनी झेरॉक्स केलेला. एका बाजूला इंटरनेटवरचे उपयोगी पत्ते: हवामान कुठे बघायचं, फुकट प्रोग्रॅम कुठे मिळतात, परदेशातल्या ग्रंथालयांची यादी कुठे आहे. प्रत्येक पत्त्यापुढे मास्तरांनी स्वतः तो उघडून पाहिल्याची तारीख असे. काही पत्त्यांवर काट मारलेली आणि पुढे लिहिलेलं, "बंद. तीन फेब्रुवारीला पुन्हा पाहिलं. अजून बंद."

मागच्या बाजूला सूचना. जोडण्याआधी रिसीव्हर कानाला लावून ऐका, आत कुणी बोलत असेल तर ठेवून द्या. पत्र लिहून झाल्यावर जोडा, जोडून मग लिहीत बसू नका. नव्या गटात गेलात तर आठ दिवस नुसतं वाचा. आणि शेवटून दुसरी अशी, की आपण पाठवलेलं पत्र एकदा शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन वाचून या.

हा कागद माझ्या हाती आला तो आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. मी तेव्हा सांगलीला कॉम्प्युटर शिकवत होते. एम.एस्सी. होते. विभागातलं पहिलं इंटरनेट माझ्या टेबलावर आलं होतं. शेवटून दुसरी सूचना मी मोठ्याने वाचून दाखवली, आणि आम्ही सगळे हसलो.

एप्रिलमध्ये मीच मास्तरांच्या खोलीत जाऊन बसले.

माझ्या आधी एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते.

"मास्तर, काल दुपारी सगळं इंटरनेट बंद होतं."

"सगळं?"

"सगळं. चार वेळा जोडलं. चारही वेळा तुटलं."

"तुमच्या घरात फोन दोन हायत न्हवं? एक खाली, एक वर?"

"हो. एकाच लाइनवर."

"काल दुपारी सूनबाई कुठं होत्या?"

"वर… माहेरी फोन लावत होती."

"मग इंटरनेट चालू होतं, डॉक्टर. सूनबाईंचं माहेर पण चालू होतं."

डॉक्टर हसत उठले. मीही हसले. माझं काम असलं नव्हतं.

मास्तर माझ्याकडे वळले.

"बोला, प्रोफेसरबाई."

"मला एवढंच हवंय, मास्तर. पाठवलेलं पत्र समोरच्याने उघडून वाचलं की नाही, हे कळण्याची काही सोय आहे का?"

"पत्र पाठवलं, म्हणजे नेमकं काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? लिहिलं, पत्ता घातला, पाठवलं."

"आणि?"

"आणि काय… गेलं."

"कशावरनं?"

"परत आलं नाही यावरून. पत्ता चुकला असता तर परत आलं असतं. हे मी मुलांना शिकवते, मास्तर."

"तुमच्याकडनं गेलं, ते खरं. मी इचारतोय, तिकडं आलं का?"

असले खेळ खेळायला मी आले नव्हते.

"कुणी वाचायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या भावाने."

"आणि न्हाई वाचलं तर?"

… 

मग मला सांगावंच लागलं.

आईच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. मिरजेतच ऑपरेशन व्हायचं होतं. दोनदा तारीख मिळाली, दोनदा आईने नाही म्हटलं. "शिरूला कळव. त्याचं उत्तर येऊ दे. मग मी आत जाईन." डॉक्टर म्हणाले, येत्या गुरुवारी नाही झालं तर पुढचं मी सांगू शकत नाही. मी मास्तरांकडे गेले तो सोमवार होता.

शिरू माझा धाकटा भाऊ. कॅनडात, विनिपेगला. चार वर्षांपूर्वी दादा गेले, तेव्हा तो वेळेवर येऊ शकला नाही. माझे वडील, दादा, हायस्कुलात मराठी शिकवत. तेराव्या दिवशी मी शिरूला पत्र टाकलं. दोनच ओळींचं. "सगळं आटोपलं आहे. आता यायची गरज नाही." तो आला नाही. पुढे त्याचं घर बदललं, फोन बदलला, आणि कळवायचं कुणी कुणाला, असं झालं. आईला मी सांगत असे, कामात असेल.

मार्चमध्ये त्याच्या एका वर्गमित्राकडून ई-मेलचा पत्ता मिळाला.

"किती पत्रं धाडली?" मास्तरांनी विचारलं.

"तीन."

"उत्तर?"

"दोनदा आलं. पण त्याला उत्तर म्हणत नाहीत."

"आईला सांगायचं की, आलं म्हणून."

"मनात आलं होतं. पण ती म्हणते, वाचून दाखव. मी काय वाचू?"

मी पर्समधून फ्लॉपी काढली आणि शिरूची दोन्ही उत्तरं छापून आणलेला कागदही काढला. मास्तरांनी तो डोळ्यांजवळ नेला.

कागदावर नुसत्या खुणा होत्या. कंस, डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं, मध्येच एखादं इंग्रजी अक्षर, त्यावर टोप्या. ओळींमागून ओळी.

"हे काय हाय?" मास्तर म्हणाले.

"राग आहे. कीबोर्डवर हात आपटलेत त्याने. लहानपणी ताटावर आपटायचा."

"दोनदा?"

"दोनदा."

मास्तरांनी कॉम्प्युटरवरचा रुमाल काढून घडी घातली. कॉम्प्युटर सुरू झाला. कोरं पान उघडलं. मग उजवा हात उचलून त्यांनी कीबोर्डवर आपटला. पुन्हा आपटला.

मी दचकले.

"बघा," ते म्हणाले.

पडद्यावर एकाच कोपऱ्यातली सात-आठ अक्षरं पुन्हा पुन्हा उमटली होती.

"हात आपटला की शेजारशेजारची उठतात. ह्ये आपटलेलं." मग त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "यात एक खूण ह्या टोकाची, दुसरी त्या टोकाची. आणि ह्यो कंस बघा. इथं हाय, इथं हाय, खाली परत हाय. दर खेपेला शब्दाच्या शेवटी."

"म्हणजे?"

"तारेवर हात ओळखू येतो, बाई. माणूस दिसत न्हाई, पण घाईत हाय का निवांत, ते कळतं. ह्यो माणूस सावकाश लिहितोय. ओळ पुरी करतोय. रागावलेला माणूस ओळ पुरी करत न्हाई."

मला पटलं नव्हतं.

"तुमचं पत्र बघू."

फ्लॉपीवर माझी तिन्ही पत्रं होती, शिरूची दोन्ही उत्तरंही होती. मी पहिलं उघडलं. स्वच्छ, ठसठशीत मराठी. आमच्या कॉलेजने घेतलेला महागातला फॉन्ट होता तो, आणि नेमका तो मास्तरांकडेही निघाला.

"झकास हाय," मास्तर म्हणाले. "इंग्रजीत का न्हाई लिहिलं? लौकर झालं असतं."

"घरचं पत्र मराठीतच. दादांचा नियम होता. शिरूने कॅनडातून पहिलं पत्र इंग्रजीत पाठवलं होतं. दादांनी ते परत पाठवलं. वर लिहिलं, 'पत्ता चुकला. या घरात या भाषेचं कुणी राहत नाही.'"

मास्तर मनापासून हसले. दात नसलेलं हसू होतं ते. मलाही जरा हसू आलं.

"वाचा तुमचं पत्र."

"मोठ्याने?"

"मला कशाला ऐकवता? मनात वाचा. बरोबर दिसतंय?"

"दिसतंय."

"मलाबी दिसतंय." त्यांनी पत्र बंद केलं. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये गेले, फॉन्टची यादी उघडली. माझ्या फॉन्टवर येऊन थांबले. "काढू?"

"काढा," मी म्हणाले. कशासाठी, ते अजून कळलं नव्हतं.

त्यांनी तो काढून टाकला.

"उघडा आता."

मी उघडलं.

कंस. डॉलर. टक्के. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. ओळींमागून ओळी.

वरचा पंखा खडखडत होता. गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"भावाला ह्ये पोचलं," मास्तर म्हणाले.

…

"फॉन्ट पत्राबरोबर जात नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला वर्गातल्यासारखा वाटला. "ज्याच्याकडे तो फॉन्ट असेल त्यालाच दिसतं. प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा. आत खुणा त्याच, वर अक्षरं निराळी. मी… मी हे शिकवते, मास्तर. दुसऱ्या वर्षाला आहे हे."

"शिकवता की."

"मग मला सुचलं कसं नाही?"

मास्तर खुर्चीत मागे टेकले.

"दुसरं कुणी असतं तर सुचलं असतं?"

"लगेच."

"मग झालं. भावाच्या बाबतीत तुमच्यापाशी दुसरं कारण आधीच तयार होतं."

मी मान खाली घातली. शेवटून दुसरी सूचना वाचून दाखवताना मी हसले होते. माझं हसणं सर्वांत मोठं होतं.

"त्याचीही पत्रं…" मी म्हणाले.

"मराठीच असणार. तुमच्याच घरातला हाय की तो."

मास्तरांनी टेबलाखालून बुटांचं एक खोकं ओढलं. खोक्यात फ्लॉप्या होत्या, गच्च. प्रत्येकीवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर फॉन्टचं नाव. पुण्याचे, मुंबईचे, एका पंचांगवाल्याने स्वतःपुरता करून घेतलेला, लग्नपत्रिका छापणाऱ्याचा. मिरजेत इतके फॉन्ट कुणाला लागत होते कोण जाणे.

पहिली फ्लॉपी घातली. शिरूचं पत्र उघडून सगळी अक्षरं त्या फॉन्टमध्ये केली.

"ञठळ घ्ढझी," मास्तरांनी वाचलं. "न्हवं."

दुसरी. काहीच नाही.

तिसरीत मराठीसारखं काहीतरी आलं. मास्तर डोळे बारीक करून वाचू लागले. "'लाई, लुझं…' असं कुठं लिहितात?"

"नाही लिहीत."

"जवळ आलोय पण. ह्या कंपनीचा जुना असतोय एक." ते खोक्यात बोटं फिरवत राहिले. फ्लॉप्या टकटक वाजत होत्या. आईचा गुरुवार तीन दिवसांवर होता, आणि तो आता या खोक्यात कुठेतरी होता.

सहावी की सातवी असेल. मास्तरांनी ती आत सरकवली. फ्लॉपी बराच वेळ कुरकुरली. मग पडदा बदलला.

"ताई," असं लिहिलं होतं.

मास्तरांनी पुढे वाचलं नाही. खुर्ची मागे सारली, "चहाचं बघतो" म्हणाले, आणि बाहेर गेले.

मी एकटीने वाचलं.

"ताई, तुझं पत्र आलं. पत्ता तुझा आहे एवढंच कळतं. आत नुसत्या खुणा आहेत. इथे कुणाकडेच मराठी नाही. एका मित्राने टोरांटोहून हा फॉन्ट पाठवला, आठ दिवस खपून टाइप करायला शिकलो. घरचं पत्र इंग्रजीत लिहिलं तर दादा वरून परत पाठवतील. आई कशी आहे? काही झालं आहे का? चार वर्षांनी तू लिहिलंस म्हणजे काहीतरी झालं असणार. मी यायचं तेव्हा यायला हवं होतं. विमानाचं तिकीट मिळालं नाही हे खरं आहे, पण ते सगळंच खरं नाही. मला घाबरायला झालं होतं. फोन नंबर खाली देतो. कधीही कर."

मी दुसरं पत्र उघडून त्याचाही फॉन्ट बदलला.

"ताई, पुन्हा तसंच आलं. कंस आणि डॉलर. माझं मागचं पत्र मिळालं ना? तू रागाने कीबोर्ड बडवते आहेस का? लहानपणी माझी पाठ बडवायचीस, तशी? बडव. पण नंतर फोन कर. नंबर पुन्हा लिहितो."

ते मी दोनदा वाचलं. मग पुन्हा एकदा.

मास्तर दोन कप घेऊन आले तेव्हा मी हसत होते, आणि डोळे पुसत होते. त्यांनी कप ठेवला.

"मराठी हाय न्हवं?"

"मराठी आहे," मी म्हणाले.

"ऱ्हस्वदीर्घ बरोबर हाय?"

"चार चुका आहेत."

"मग वडिलांनी परत पाठवलं असतं."

"नाही," मी म्हणाले. "हे नसतं पाठवलं."

चहा गरम होता. मी तसाच घेतला, आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"काय करताय?"

"उत्तर लिहिते. त्याच्याच फॉन्टमध्ये लिहिते, म्हणजे त्याला दिसेल. तीन पत्रांत काय लिहिलं होतं तेही सांगायला हवं. फॉन्टचा घोळ कसा झाला ते…"

मी लिहू लागले. "प्रिय शिरू, तुझी दोन्ही पत्रं आज वाचता आली. झालं असं की…"

मास्तरांनी हात लांब केला आणि पडद्याचं बटण बंद केलं.

काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसला.

"मास्तर?"

"नंबर दिलाय न्हवं त्यानं?"

"दिलाय. दोनदा."

"मग?"

"पण माझं लिहून…"

"आता किती वाजले?"

"पाच."

"तिकडं सकाळचे साडेसहा. कामाला जायच्या आत गाठा. ह्या फोनवरनं परदेश लागत न्हाई. कोपऱ्यावर बूथ हाय."

मी उठले. चपला घालताना डावी-उजवी चुकली. मास्तर मागून म्हणाले, "बाई, आधी ऐका. पलीकडं पुरता जागा झाला, मग बोला."

बूथवाला नंबर फिरवत होता. तिसऱ्या वेळी लागला. दोन घंट्या झाल्या.

"हॅलो?"

आवाज जाड झाला होता. मी नुसती ऐकत राहिले.

"हॅलो…" मग, "ताई?"

त्याला कसं कळलं, हे मी पुढे त्याला पुष्कळदा विचारलं. तो म्हणायचा, तिकडून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. शिरू गेल्या वर्षी गेला. आता विचारायचं कुणाला.

त्या संध्याकाळी मी दोन्ही पत्रं आईला वाचून दाखवली. "घाबरायला झालं होतं," इथे आईने मला थांबवलं. "पुन्हा वाच," म्हणाली. पुन्हा वाचलं. मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "डॉक्टरांना सांग, येते."

गुरुवारी ऑपरेशन झालं. पाच तास. शनिवारी सकाळी आईने पहिला चहा घेतला आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली. मी तेव्हा प्रथमच चार रात्रींची झोप अंगावर आल्यासारखी भिंतीला टेकले. शिरू बुधवारी यायचा होता.

दुपारी पेढे घेऊन मास्तरांकडे गेले.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मास्तर खोकं मांडीवर घेऊन बसले होते. एकेक फ्लॉपी काढून धूळ पुसत होते.

"बसा की."

"झालं, मास्तर. सगळं नीट झालं. आई चहा पितेय."

"साखर?"

"कमी आहे म्हणाली."

"मग बरी हाय." त्यांनी पेढा घेतला, अर्धा मोडून तोंडात टाकला. अर्धा बराच वेळ हातातच राहिला.

मी इकडेतिकडे पाहिलं. आभार मानायला आले होते, पण मास्तरांचे आभार मानले की ते लगेच दुसऱ्या विषयावर जात, हे मला लोकांनी सांगितलं होतं.

"हे फॉन्ट कुणी मागतं का हो तुमच्याकडे?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग इतके कशाला जमवलेत? लग्नपत्रिकेचा, पंचांगाचा… कुणाला लागणार आहेत?"

मास्तर फ्लॉपी पुसत राहिले.

"तार ऑफिसात असताना एक तार आली," ते म्हणाले. "अक्षरांना मेळच न्हवता. मला वाटलं, तिकडचा गडी पिऊन बसलाय, बडवतोय."

"मग?"

"अशी आली की परत मागवायची असते. नियम हाय. 'पुन्हा पाठवा', एवढंच म्हणायचं."

"मग मागवलीत?"

मास्तरांनी ती फ्लॉपी खोक्यात ठेवली. दुसरी घेतली. तिच्यावर धूळ नव्हती, तरी पुसली.

…

"न्हाई मागवली. ती पोचवायची राहिली," ते म्हणाले.